जिव्हाळ्याने पाठवलेला निरोप

१

नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा खिडक्यांच्या चौकटी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकीणबाईंना फोनवर हा निरोप आला:

"नमस्कार मॅडम. घरच्या आजारपणामुळे तुमचा निर्णय लांबला, हे मी समजू शकते. आता ती काळजी मिटली असल्याने आपण पुन्हा बोलू या का? या आठवड्यात होकार दिलात तर पहिले तीन महिने मोफत."

खाली विक्रेतीचं नाव होतं आणि नावाशेजारी एक हसरा चेहरा होता.

हे एखाद्या माणसाने लिहिलं असतं तर त्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण हे लिहिलं होतं यंत्राने. विक्रेत्यांच्या वतीने गिऱ्हाइकांना गोड गोड निरोप लिहून देणारं यंत्र, आणि त्याचं नाव काय तर 'जिव्हाळा'. ते बनवणाऱ्या कंपनीत चाळीसेक माणसं होती आणि त्यातल्या एकालाही या नावाची लाज वाटत नव्हती. कंपनी आपलं यंत्र आपल्याच यंत्राच्या निरोपांनी विकायची. महिन्याभरापूर्वी फोनवर दिसणारा त्याचा पडदा नव्याने घडवला गेला होता. आता सगळं सोपं, सगळं चकचकीत, असं मालक ज्याला त्याला सांगत सुटला होता.

मालकाने आपल्या आत्याला बोलावून घेतलं. आत्याबाईंनी आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली होती. जळण्याआधीच रिकामी झालेली गोदामं आणि चोरीला जाण्याआधीच विकलेल्या गाड्या त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की माणूस बोलायला लागला की त्या आधी त्याच्या बुटांकडे बघत. भाच्याचे बूट पांढरेशुभ्र होते. जमिनीवर कधी चालले नसावेत.

"आत्या, फार काही नाही," तो म्हणाला. "मालकीणबाई भडकल्यात. दोष कुणाचा ते लेखी हवंय म्हणतात. नाव उघड आहे. पण ही विक्रेती कबूल करत नाही. मी पाठवलाच नाही म्हणते. तू एकदा सगळ्यांशी बोल, आणि दोन ओळी लिहून दे. मग मी तिला काढायला मोकळा."

"मी का? तुझ्याकडे वकील असतील."

"वकील पैसे घेतात," भाचा म्हणाला आणि हसला. त्याला तो विनोद वाटला.

त्याने संगणकावर नोंद दाखवली. निरोपाचा मजकूर होता, विक्रेतीचं नाव होतं, आणि पुढे एकच शब्द होता: संमती.

"बघ. मेसेज शेवटपर्यंत वाचलाय तिने आणि पाठवलाय. आता मला सांग, यात यंत्राचा काय दोष? पुढच्या आठवड्यात एक मोठी कंपनी 'जिव्हाळा' विकत घ्यायला येतेय. यंत्रावर नाव आलं तर सगळं मुसळ केरात."

"तिच्या फोनला दुसऱ्या कुणी हात लावला असेल तर?"

"फोन तिच्या बोटाशिवाय उघडत नाही," भाचा म्हणाला. "त्या वेळी तो तिच्याच टेबलावर होता, आणि ती शेजारीच बसलेली होती."

२

विक्रेती पस्तिशीची होती. तिची जागा आधीच दुसऱ्याला दिली होती, म्हणून तिला भांडाराच्या खोलीत जुन्या खुर्च्यांमध्ये बसवलं होतं. काढण्याआधीच माणसाला अडगळ करायची ही पद्धत आत्याबाईंना ओळखीची होती. त्या पद्धतीचा त्यांना नोकरीत असतानाही तिटकारा होता.

"त्या मालकीणबाईंशी मी आठ महिने बोलत होते," विक्रेती म्हणाली. "त्यांचे मिस्टर आजारी पडले तेव्हा मी माहितीत लिहून ठेवलं, पती आजारी, निर्णय पुढे ढकललाय. ते गेले तेव्हाही लिहिलं, पती गेले, सध्या काही बोलू नये. यंत्राने दोन्ही वाचलं आणि हे असलं शिजवलं."

"मग तू काय केलंस?"

"सकाळी उघडला. वाचला. पहिल्या ओळीला वाटलं बरा आहे, दुसरीला कळलं काय लिहिलंय. पार शेवटपर्यंत वाचला, अगदी त्या हसऱ्या चेहऱ्यापर्यंत. मग फोन टेबलावर ठेवला आणि नुसती बसून राहिले. काय करावं सुचेना. याला दुरुस्त तरी कसं करणार? पुन्हा उचलला तर निरोप गेलेला."

"तुझं बोट चुकून लागलं असेल."

"माझे दोन्ही हात डोक्याला होते, मॅडम."

आत्याबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारी माणसं आपल्या बचावाला एक तरी सोयीची गोष्ट जोडतात. हिच्या सांगण्यात सोयीचं काहीच नव्हतं.

"एरवी तू निरोप कसे पाठवतेस? यंत्र लिहील तसे?"

"छे. प्रत्येकात काहीतरी बदलतेच. वाचता वाचताच खोडायला लागते. त्यावरून मला बोलणी बसतात. माझा वेग सगळ्यांत कमी."

"हे शेवटपर्यंत वाचल्याचं तू साहेबांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. कबुलीच्या कागदावर सही कर म्हणाले, मी केली नाही. तुमच्याशिवाय कुणी दोन शब्द बोललेलं नाही. नोकरी जाईल तर जाईल, मॅडम. पण त्या बाईंना आयुष्यभर वाटेल की हे मी केलं. आणि दुसरीकडे कामाला गेले तर तिथेही हेच पोचेल."

समोरच्या टेबलावर कोण बसतं, हे आत्याबाईंनी जाता जाता विचारलं. उत्तर ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. तिथे विक्रीप्रमुख बसत होता, आणि विक्रेतीला काढलं तर तिची सगळी गिऱ्हाइकं त्याच्याच पदरात पडणार होती.

३

विक्रीप्रमुखाला कचेरीत शिट्टी म्हणत, कारण सौदा झाला की तो शिट्टी वाजवायचा. शिट्टीच्या कपावर डरकाळी फोडणारा सिंह होता. आत्याबाईंशी बोलताना त्याचा अंगठा फोनवर सारखा उजवीकडे सरकत होता.

"हे काय चाललंय?"

"निरोप पाठवतोय. उजवीकडे सरकवला की गेला. डावीकडे सरकवला की नंतर बघू. पण नंतर कोण बघतो?"

"वाचून पाठवता ना?"

"अर्थात," शिट्टी म्हणाला आणि आणखी दोन पाठवले.

"आत्ता गेला तो कुणाला गेला?"

शिट्टीचा अंगठा हवेत थांबला. त्याने कपावरच्या सिंहाकडे पाहिलं, पण तिकडून काही मदत मिळाली नाही. "माझ्या बोटांना कळतं हो," तो शेवटी म्हणाला.

विक्रेतीवर त्याचा राग होताच. ती प्रत्येक निरोपाशी खेळत बसते, इतरांचा वेग खाली आणते, असं तो तोंडभरून सांगत राहिला. मात्र त्या सकाळी तो आपल्या जागेवर नव्हता. खाली गाडी लावण्यावरून पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता, आणि याला अर्धी कचेरी साक्षीदार होती. संशयिताने एवढा मोठा गोंधळ घालून आपलं निर्दोषत्व सिद्ध केल्याचं आत्याबाईंच्या पाहण्यात नव्हतं.

मग त्या डिझायनरकडे वळल्या. ही पायापासून मानेपर्यंत काळ्या कपड्यांत होती आणि हलक्या आवाजात बोलायची, जणू बाजूला कुणी आजारी झोपलंय. नवा पडदा तिने घडवला होता.

"जुन्या पडद्यावर दोन बटणं होती," तिने समजावलं. "पाठवा आणि बदला. आम्ही तो प्रवास हलका केला."

"कुणाचा प्रवास?"

"वापरणाऱ्याचा. तो निरोपापाशी येतो, अडखळतो, थांबतो. बटण म्हणजे अडथळा. आता बघा, किती मोकळं वाटतं."

आत्याबाईंनी पाहिलं. पडद्यावर फिकट निळा रंग, मजकूर, आणि खाली भरपूर रिकामी जागा होती. दारं काढून टाकलेल्या घरासारखं ते मोकळं होतं.

"नव्या पडद्यावरचे निरोप वाचायला कसे वाटतात?"

"मी मजकूर वाचत नाही," डिझायनर समजूतदारपणे म्हणाली. "मी त्याचा आकार बघते."

आत्याबाईंनी नाक मुरडलं. "पण ही बटणं काढायची बुद्धी कुणाला झाली?"

"चर्चेतून आलं." ती किंचित घुटमळली. "साहेबांना लोकांचं थांबणं आवडत नाही. निरोप उघडतात, वाचतात आणि बसून राहतात, त्याचं काय करायचं, असं ते सारखं विचारायचे."

"मग काय केलंत?"

"ते प्रोग्रामरला विचारा," असं म्हणून तिने हात झटकले.

प्रोग्रामरच्या कानांवर ताटल्यांएवढे हेडफोन होते. आत्याबाईंनी त्यातला एक उचलून बाजूला केला, तेव्हा त्याला माणूस आल्याचं कळलं.

"मला सांगितलं ते मी केलं," तो प्रश्नाआधीच म्हणाला.

"नवा पडदा तपासून पाहिला होता का?"

"हजार वेळा. एकदाही चूक आली नाही."

"कुठले निरोप घेऊन तपासला?"

त्याने दाखवलं. पडदाभर 'अअअ अअअ अअअ' लिहिलेलं होतं. असे हजार निरोप त्याने उजवीकडे सरकवले होते, हजार डावीकडे, आणि यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं होतं.

"हे शेवटपर्यंत वाचलंस का रे?"

"यात वाचायचं काय?"

"तेच म्हणतेय मी," आत्याबाई म्हणाल्या. चाळीस माणसांच्या या कचेरीत रोज हजारो निरोप जन्माला येत होते, आणि इथे वाचायची सवय असलेली एकमेव बाई भांडारात बसवून ठेवली होती. यांना शिकवण्यावर कुणी किती खर्च केला असेल, या विचाराने त्यांना त्या आईबापांची कीव आली.

जाता जाता त्यांनी एक चाचणीचा फोन मागून घेतला.

४

आत्याबाई उपाहारगृहातल्या कोपऱ्यात बसल्या. समोर यंत्रातून आलेली कॉफी होती, तिला कॉफी म्हणायचं म्हणून म्हणायचं. त्यांनी 'जिव्हाळ्या'त स्वतःलाच गिऱ्हाईक म्हणून घातलं आणि माहितीत लिहिलं: गुडघे दुखतात, स्वभाव तुसडा.

यंत्राने लगेच निरोप लिहिला. त्यांनी तो उघडला आणि दोन ओळींवर बंद केला. निरोप जागच्या जागी राहिला. मग डावीकडे सरकवला. तरी गेला नाही. पुन्हा उघडून एक शब्द खोडला आणि परत लिहिला. तेव्हाही तो मुकाट्याने थांबून होता. इथवर यंत्राची वागणूक सज्जनाची होती.

मग त्यांनी यंत्राकडून नवा निरोप लिहून घेतला, चष्मा नीट बसवला, आणि जन्मभर जसे विम्याचे कागद वाचले तसा तो वाचला. "गुडघ्यांच्या त्रासामुळे तुम्ही आमच्याकडे पाऊल टाकू शकला नाहीत, हे मी समजू शकतो. तुमचा स्पष्टवक्तेपणा आम्हाला प्रेरणा देतो." अशाच आणखी चार ओळी होत्या. शेवटी हसरा चेहरा होता. त्यांनी त्या चेहऱ्याकडे शत्रूकडे पाहावं तसं पाहिलं, फोन टेबलावर ठेवला, आणि चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

चष्मा अजून हातातच होता, तेवढ्यात त्यांच्या पर्समधला स्वतःचा फोन वाजला. निरोप येऊन पोचला होता.

आत्याबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. कसं झालं ते कळलं होतं. कुणी केलं तेही आता कळत होतं, आणि ते कळल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. भावाचा मुलगा होता तो. लहानपणी काच फोडली की धाकट्या बहिणीचं नाव सांगायचा, आणि घरातले सगळे त्याला हुशार म्हणायचे.

त्या उठून डिझायनरकडे गेल्या. एक मजकूर कागदावर लिहून त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला. "हा साहेबांच्या खात्यात चढव. जायचा मालकीणबाईंना. अजून पाठवायचा नाही, नुसता उभा करून ठेव."

डिझायनरने कागद घेतला. या वेळी तिने त्याचा आकार पाहिला नाही. ओळ न ओळ वाचली, आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. मग काही न विचारता ती कामाला लागली.

५

दुसऱ्या दिवशी सगळे भाच्याच्या काचेच्या खोलीत जमले. आत्याबाईंच्या सांगण्यावरून विक्रेतीलाही आणलं होतं. ती दाराशीच उभी राहिली, कारण तिला कुणी खुर्ची दिली नाही. आत्याबाईंनी शिट्टीला उठवलं आणि त्याच्या खुर्चीवर तिला बसवलं.

"माझा अहवाल तुझ्या खात्यात आहे," त्या भाच्याला म्हणाल्या. "निरोप म्हणूनच लिहिलाय, मालकीणबाईंसाठी. वाच, आणि तुला नको ते काढ."

भाच्याने खुशीत फोन उचलला. पहिल्या ओळीनंतर खुशी गेली. चेहरा लाल होत गेला आणि रागाच्या भरात तो एका दमात अगदी तळापर्यंत पोचला. मग त्याने फोन टेबलावर आपटला.

"हे काय आहे, आत्या? 'दोष माझा आणि माझ्या यंत्राचा आहे. त्या विक्रेतीने निरोप पाठवला नाही. मी तिच्यावर खोटं खापर फोडत होतो.' मी असलं लिहून देईन असं वाटलं तुला?"

"आधी मी सांगते ते ऐक," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "हिचा फोन दुसऱ्या कुणी उघडला नाही. हिचं बोटही लागलं नाही. तरी निरोप गेला आणि नोंद झाली संमतीची. म्हणजे निरोप पाठवायची दुसरीच एक वाट या यंत्रात आहे. ती मी शोधली. निरोप शेवटपर्यंत वाचला, काही बदललं नाही, आणि माणूस क्षणभर थांबला, की यंत्र तो होकार समजतं."

शिट्टीने आपला फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला. प्रोग्रामर स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होता.

"महिनाभर हे कुणाला कळलं नाही, कारण इथे कुणी वाचतच नाही. हे महाशय न बघता सरकवतात. हा अअअ घेऊन तपासतो. ही आकार बघते. वाचणारी एकच होती, पण ती वाचता वाचता बदलायची, म्हणून वाचली. त्या दिवशीचा निरोप इतका घाणेरडा होता की दुरुस्त करायलाही तिचा हात धजला नाही. ती थांबली. इतक्या जणांत एकटी माणसासारखी वागली, आणि यंत्राने नेमकं तिलाच पकडलं."

"हा अपघात आहे," भाचा म्हणाला. "यांच्यापैकी कुणीतरी गाढवपणा केला असेल. मला यातलं काही माहीत नव्हतं."

"काल मला बोलावलंस तेव्हा तू म्हणालास, मेसेज शेवटपर्यंत वाचलाय तिने. ते तुला कुणी सांगितलं? नोंदीत वाचल्याचा शब्द नाही, फक्त संमती आहे. तिने ते माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आणि तू तिला विचारलंही नव्हतंस. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय असा निरोप जाऊच शकत नाही, हे ज्याला ठाऊक होतं तोच हे बोलू शकतो."

प्रोग्रामरने हळूच हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले.

"साहेबांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "वाचून काही बदलत नाहीत म्हणजे पटलंय, मग वाट कसली बघायची, म्हणाले. मी विचारलं होतं, लोकांना सांगायचं का. तर म्हणाले, सांगितलं की परत विचार करत बसतील."

"मग तुला पहिल्याच दिवशी माहीत होतं," आत्याबाई भाच्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात मायेचा अंशही उरला नव्हता. "ही बाई खरं बोलतेय हे माहीत असून तिला अडगळीत बसवलंस, आणि वर माझी सही हवी होती. चोर मी खूप पाहिले. बहुतेकांना निदान पकडले जाऊ ही भीती असायची."

भाच्याने स्वतःला सावरलं. तो सावरण्यात पहिल्यापासून पटाईत होता. "ठीक आहे. समजा तसं असेल. पण कागदोपत्री संमती तिची आहे, आणि कोर्टात कागदच चालतो. ती पाठवायला तयार होती की नव्हती, हे आता कोण सिद्ध करणार? यंत्र बरोबरच आहे. वाचून गप्प बसलं म्हणजे होकारच. मी हा निरोप पाठवणार नाही आणि माझा शब्दही बदलणार नाही. यातल्या दोन ओळी काढून टाकतो, मग बघू."

त्याने टेबलावरचा फोन उचलला आणि अंगठा टेकवला. मग तो तसाच थांबला.

आपल्या यंत्रावर त्याने स्वतः कधी काम केलं नव्हतं. नियम केला होता तो पगारी माणसांसाठी, आणि आपणही त्यात सापडू शकतो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पडद्यावर आता मजकूर नव्हता. फिकट निळ्या रंगावर त्याचं नाव होतं, आणि नावापुढे लिहिलं होतं: संमती.

तो पाहत असतानाच फोन हातात थरथरला. मालकीणबाईंचा फोन येत होता.

शिट्टी, डिझायनर, प्रोग्रामर, तिघेही त्याच्याकडे पाहत होते. भाच्याने आधी आत्याकडे पाहिलं, पण तिथे काही मिळणार नाही हे त्याला दिसलं. मग बहुधा पहिल्यांदाच त्याने विक्रेतीकडे पाहिलं.

"मी पाठव म्हटलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे, साहेब," ती म्हणाली. "पण आता उचला. त्या वाट बघतायत."